दुसरी रेघ

"पंधरा मिनिटं," असं म्हणून सुधाकर डॉक्टरांनी पट्टी टेबलावर आडवी ठेवली आणि घड्याळ बघितलं. रेजिनानेही बघितलं.

पट्टी कसली, बोटाएवढा पांढरा प्लास्टिकचा तुकडा. एलिसाच्या नाकात काडी फिरवून, ती औषधात घुसळून, त्याचे चार थेंब डॉक्टरांनी पट्टीवर टाकले होते. वरची रेघ लगेच लाल झाली. ती येतेच, डॉक्टर म्हणाले, पट्टी चालू आहे एवढंच ती सांगते. खाली दुसरी आली तर स्वाइन फ्लू. २००९चा ऑगस्ट होता. टीव्हीवर रोज पुण्याचे आकडे सांगत होते आणि अर्धी वसई नाकाला रुमाल बांधून हिंडत होती. एलिसा ही रेजिनाची सून. सातवा महिना, दोन दिवसांचा ताप. मुलगा एरॉल कुवेतला. जाताना आईला एवढंच सांगून गेला होता, की एलिसाकडे बघ.

रेजिनाने पदराआड जपमाळ धरली आणि चर्चमधल्या माउलीला नवस बोलायला घेतला. नवसाच्या बाबतीत बाई भारी काटेकोर, आणि त्याला कारण होतं. नवरा प्लासिड जिवंत असताना तिने, ह्याची दारू सुटू दे, म्हणून मेणबत्त्या मानल्या होत्या. दारू सुटली. थेंबाला शिवला नाही पठ्ठ्या, पण मटक्याला लागला. तेव्हापासून रेजिना माउलीशी वकिलासारखी बोलायची, पळवाट राहील असा एक शब्द ठेवायची नाही.

आताही तिने नीट विचार केला. पट्टीवर दुसरी रेघ येऊ देऊ नकोस. नाही आली तर उद्याच्या उद्या अनवाणी देवळात येईन, मेणाची आई आणि मेणाचं बाळ तुझ्या पायाशी ठेवीन.

एलिसा भिंतीला टेकून खोकत होती. इतकं टक लावून बघू नका, आई, डोळे दुखतील, असं म्हणून ती हसलीसुद्धा. पंधरा मिनिटं झाली तशी डॉक्टरांनी पट्टी खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवून उजेडात फिरवून बघितली. दुसरी रेघ नव्हती. रेजिनाने सगळ्यांदेखत जपमाळेचा मुका घेतला.

डॉक्टरांचाही चेहरा उजळला, खोटं कशाला बोला. पण मग ते खुर्चीत बसले आणि हलक्या आवाजात समजावू लागले. ही पट्टी दोन आजाऱ्यांतला एक सोडून देते. रेघ आली तर रोग आहे असं धरून चालायचं, नाही आली तर काहीच नक्की नाही. त्यात पोरीला सातवा महिना. आजच मुंबईच्या सरकारी इस्पितळात न्या, खरी तपासणी तिथे होते आणि गोळ्याही तिथेच मिळतात.

"तुमचीच पट्टी नाय म्हनते ना, डॉक्टर?" रेजिना म्हणाली. "मग त्या खोकनाऱ्या गर्दीत पोटुशी पोर नेऊन बसवू? नाय तो रोग घेऊन यायला?"

बोलण्यात तथ्य होतं. शिवाय रेघ आली नाही म्हणून डॉक्टरांचाही जीव भांड्यात पडला होता, आणि असा सुटलेला जीव परत टांगायला माणूस तयार होत नाही. बरं, उद्यापर्यंत बघू, ते म्हणाले. दम लागला तर मात्र क्षणभर थांबू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिसा खाटेच्या कडेवर बसून होती. आडवं झालं की खोकला येतो म्हणाली. आज नका ना जाऊ, आई, असंही म्हणाली. रेजिनाचं काळीज हललं. नाही कसं हलणार? पण उद्याच्या उद्या, असं तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. पोटातल्या जिवाच्या नावाने दिलेला शब्द मोडला आणि त्या जिवालाच काही झालं तर? तिने पेज करून हाताशी ठेवली, शेजारच्या इझाबेलला डोकावून जा म्हणून सांगितलं आणि अनवाणी निघाली.

देवळाबाहेर नवसाच्या मेणाच्या बाहुल्या विकणाऱ्या बाईकडची सगळ्यात गुटगुटीत आई तिने निवडली. बाळही तसंच. दोघांना माउलीच्या पायाशी नीट टेकवून ठेवलं, पडणार नाहीत असं. मन भरून आभार मानले आणि दुपारच्या आत राजोडीला घरी परत आली.

इझाबेल दोनदा येऊन गेली होती. पोरीचा डोळा लागलाय असं समजून तिने उठवलं नव्हतं. पेज तशीच होती. जांभळं खाल्ल्यासारखे एलिसाचे ओठ झाले होते.

इस्पितळातून ती आली नाही. बाळही आलं नाही. विमानातून उतरलेला एरॉल घरी न जाता सरळ दफनालाच पोचला.

खऱ्या तपासणीचा कागद त्यानंतर चौथ्या दिवशी आला. तो घेऊन डॉक्टर स्वतः राजोडीला गेले. रेजिना ओट्यावर बसली होती. तळपायांना अनवाणी चालल्याचे फोड तसेच होते. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सांगितलं, की तो स्वाइन फ्लूच होता. पट्टी चुकली. पट्टी चुकते हे मला ठाऊक होतं, त्या दिवशी तुम्हाला ओढून न्यायला हवं होतं, मीही चुकलो.

रेजिनाने कागद हातात घेतला, पण उघडला नाही.

"पट्टीला बोल लावू नका, डॉक्टर," ती म्हणाली. "माउलीलाबी नाय. दुसरी रेघ नको म्हनले, ती तिने नाय दिली. एलिसा राहू दे, असं मी बोललेच नव्हते."