सातव्या महिन्याचा ब्रेक

"सर, बाबासाहेब तुमच्या कंपनीत कंत्राटी कामगार असते, तर तुम्ही त्यांनाही सात महिन्यांनी ब्रेक दिला असता का?"

मैत्रीने विचारून टाकलं एकदाचं. चाकणच्या त्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दोनशे माणसांच्या माना वळल्या.

जयंतीचा कार्यक्रम होता, कामगारांच्या घरच्यांना आणि वस्तीतल्यांनाही बोलावणं होतं. मोठ्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवत ‘बाबासाहेबांकडून नेतृत्वाचे दहा धडे’ सांगितले होते. पाचवा धडा, कठीण प्रश्नांना घाबरू नका. शेवटी म्हणाले, "आता विचारा." कुणीच विचारेना. शेजारच्या सोनूने मैत्रीला कोपर मारलं. "एवढी भाषणं ठोकतेस ना! ब्रेकचं विचारून दाखव." पलीकडे बसलेली वर्षाराणी फिसकन हसली. "ही? हिची तंतरेल." दहावीतल्या मुलीला एवढं पुरे होतं.

ब्रेक म्हणजे काय हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. सात महिने भरत आले की कंत्राटी कामगाराला घरी बसवायचं, महिन्याभराने नवा म्हणून परत घ्यायचं. मग कुणी कधी कायम होत नाही. सोनूचे पप्पा, भिमाजीकाका, नऊ वर्षं असेच नवे होत होते. या खेपेला त्यांना परत बोलावलंच नाही.

साहेब हसले. "व्हेरी गुड! असंच धाडस पाहिजे. पप्पांचं नाव काय, बेटा?"

"नागसेन. पेंट शॉपला सुपरवायझर आहेत." तिने मान ताठ करून सांगितलं.

"मग मला कशाला विचारतेस?" साहेब माइकवरच म्हणाले. "ब्रेकची यादी तेच करतात. मी नुसती सही करतो."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मैत्रीने पप्पांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या एका रेषेत लावत होते.

"सोने, तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे," सोनू म्हणाली. "तुला सोडून."

पप्पांच्या बाइकवरून दोघं मोशीला घरी आली. झालेलं ऐकून मम्मीच बोलली. "यादी यांनी नाही केली तर दुसरा करेल. आणि त्यात पहिलं नाव यांचं असेल. कळतं का तुला?"

"मी स्वतः पाच ब्रेक खाल्लेत," पप्पा म्हणाले. "आपल्या वस्तीतली नावं मी शेवटी लिहितो."

"पण लिहिता."

"तुझ्या शिक्षणासाठीच ना? पोरांना शिकवा, हे बाबासाहेबांनीच सांगितलंय."

आंतरशालेय वक्तृत्वात तीनदा पहिली आलेली मैत्री वाद घालत बसली नाही. ती चप्पल घालून सरळ सोनूच्या घरी गेली. माफी मागायची, एवढंच डोक्यात होतं.

तिथे ओट्यावर सात माणसं बसली होती. सगळी ब्रेकवाली, परत न बोलावलेली. कामगार कार्यालयात तक्रार द्यायचं ठरलं होतं, पण मधला कोरा कागद तासभर तसाच होता. तिला बघताच एकाने कागद मांडीखाली सरकवला. मग भिमाजीकाकाच सरकून बसले.

"ये की. नागसेनची म्हणून काय झालं? आमची बी हायेस. अर्ज कसा लिहितात, ठावं हाय का गं तुला?"

तासाभराने ती परत आली, तेव्हा मम्मी-पप्पा ताटं वाढून थांबले होते. ती दारातच उभी राहिली.

"भिमाजीकाका आणि बाकीचे सोमवारी तक्रार देणार आहेत. अर्ज मी लिहून देतेय."

"वेडी झालीस का?" मम्मी उठलीच.

"ठरलंय माझं," मैत्री म्हणाली. "पप्पा, तुम्ही फक्त एवढंच सांगा, तुमचं नाव ‘विरुद्ध’च्या खाली लिहू की सह्यांमध्ये?"