बापाची बोली

"आले बघा आई, तुमचे मासेवाले!" सून नीव्हियानं दारातूनच हाक दिली.

"हळू बोल गं, मेले!" कासिल्दा करवादली, पण केस मात्र तिनं लगेच सारखे केले.

लाउरेआनोनं होडी काठाला लावली, मासे नीव्हियाच्या हाती दिले आणि नेहमीसारखा कसाव्याचे कंद किसायला बसला. वाउपेस नदीच्या काठी पुरुष कसावा किसत नाहीत, ते बायकांचं काम. सगळं गाव हसायचं. म्हाताऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

कासिल्दाच्या तो मनात भरला होता. तिला दुःख एकच होतं. भाऊ वारल्यापासून तिच्या बापाची बोली बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा त्याच्या बापाची बोली बोलायचा, तशी रीतच होती. मग ती आपल्या बोलीत लाउरेआनोशीच बडबडायची. त्याला एक अक्षर कळत नाही, म्हणून निर्धास्त.

"तोंडात दात नाही, तरी हसतंय बघा कासव!" ती म्हणायची. तो आणखीच हसायचा.

आज त्यानं बाजारच्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, "कासिल्दाबाई, माझ्या घरी नांदायला याल?"

नीव्हिया मध्ये पडली. "आधी सांगा मामा, तुमच्या बापाची बोली कुठली? एका बोलीची माणसं म्हणजे बहीणभाऊ, त्यांचं लग्न होत नाही. मागाहून भानगड नको."

"पार खालच्या नदीवरची," तो किसणीकडे बघत म्हणाला. "लहानपणीच मिशनच्या शाळेत नेलं मला. आता शब्दसुद्धा आठवत नाही."

"मग अडलंय कुठं?" म्हणत नीव्हिया शेजारणींना सांगायला पळाली.

कासिल्दानं तव्यावर कसाव्याचं पीठ पसरलं. तिला फार बरं वाटत होतं. "येईन हो," ती बाजारच्या भाषेत म्हणाली. मग सवयीनं आपल्या बोलीत पुटपुटली, "सगळं मिळालं रे कासवा. एकच राहिलं. माझ्या बापाच्या बोलीत कुणी हाक मारलेली ऐकायची होती मरायच्या आधी. एकदाच."

तिचे डोळे भरून आले. तव्याकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

लाउरेआनोचा हात किसणीवर थांबला.

"ताई," तो तिच्या बापाच्या बोलीत म्हणाला, "भाकरी करपतेय."