न आदळलेले कण

थोरल्या जावेने डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला, तो धाकटीची चूक शोधायलाच. त्यापायी तिने जेवणाची सुट्टीही सोडली.

दोघी सख्ख्या भावांच्या बायका, नोकरीलाही एकाच प्रयोगशाळेत. धाकटीला काम शिकवलं थोरलीनेच. यंत्रातून सोडलेला कण जाड फिल्ममध्ये शिरला की मागे काळ्या ठिपक्यांची रेघ उरते. त्या रेघेच्या मागे मागे जायचं, आणि कण जिथे एखाद्या अणुकेंद्रावर आदळून फुटला तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. धाकटीचं सरासरी अंतर सगळ्यांच्या अंदाजाच्या निम्मंच भरलं, म्हणजे नवा शोधच. तेव्हापासून प्रमुख तिचं कौतुक करताना थकत नव्हते. काल घरी सासूबाईही म्हणाल्या, हिचं नाव जगभर होणार. थोरली अर्ध्या ताटावरून उठली.

इथल्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय संशोधनाचा लेख बाहेर जात नसे. धाकटीने थोरलीचंच नाव सुचवलं होतं.

आणि चूक सापडली. कितीतरी कण कुठेच न आदळता फिल्मच्या पार निघून गेले होते. आदळलेच नाहीत, म्हणून धाकटीने त्यांनी कापलेलं अंतर हिशेबात धरलंच नव्हतं. शर्यतीत वाटेत पडले त्यांचीच धाव मोजायची आणि न पडता पार गेले त्यांना विसरायचं, तसला प्रकार. ती अंतरं मिळवली की सरासरी नेहमीचीच येत होती. शोधबिध काही नव्हता.

थोरलीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता.

तेवढ्यात धाकटी आत आली. "ताई, काही सापडलं का हो?"

आत्ता सांगितलं तर चूक गुपचूप दुरुस्त होईल आणि धाकटीची अब्रू शाबूत राहील. चारचौघांत तोंडघशी पडली, तर मात्र चांगली जिरेल.

"नाही गं. चोख आहे सगळं. पाठव."

धाकटीने उभ्या उभ्याच शेजारच्या संगणकावरून लेख पाठवून दिला. मग वळून थोरलीचा हात धरला.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हटलं असतंत. पहिलं नाव तुमचं घातलंय. मला रेघ बघायला शिकवलं कुणी?"

थोरलीच्या तोंडून त्या दुपारचं पहिलं खरं वाक्य निघालं. "कशाला गं घातलंस?"

धाकटीला तो संकोच वाटला. "असू दे हो," ती म्हणाली, आणि बातमी सांगायला बाहेर पळाली.