आईचं तापमान

नात गाणं म्हणायला लागली की आईच्या डबीच्या स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा भराभर चढायचा. आई जाऊन वर्ष झालं होतं. आता तिचं मन टेबलावरच्या त्या डबीतल्या प्रोसेसरमध्ये चालत होतं. मृण्मयीला वाटायचं, आईला भरून येतंय.

आज तंत्रज्ञाने सॉफ्टवेअर बदललं. "ताई, जुनं सॉफ्टवेअर तापमान उगाच चढवून दाखवत होतं. आता अचूक दिसेल."

तो गेल्यावर मृण्मयीने लेकीला गायला लावलं. आकडा जागचा हलला नाही. मग लहानपणी आई तिचा ताप बघायची, तसा तिने पालथा हात डबीवर ठेवला. डबी नुसती कोमट होती.

"थांबलीस का गं, मने?" डबीतून आईने नातीला विचारलं. "मृणू, तिला जरा जवळ आण ना."

मृण्मयीने स्क्रीनवर ओढणी टाकली आणि लेकीचा गाल डबीला टेकवला.