थांबा नसलेलं स्टेशन

कैरोहून निघालेली पॅसेंजर तीन तास उशिरा, रखडत रखडत येऊन कफ्र जुमैजच्या सिग्नलला अडकली. तिला इथं थांबाच नव्हता. तरी फलाटावर ही गर्दी, आणि प्रत्येकाचा हात पिशवीत!

गेल्याच महिन्यात दगडानं कपाळ फुटलेला गार्ड सब्री ओरडला, "शटरं पाडा! यांची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत."

सकाळपासून घोटभर पाणीही न प्यायलेले, खच्चून भरलेल्या डब्यातले उतारू खाली वाकले. शटरांवर धपाधप मारा सुरू झाला.

मग बाहेरून कुणीतरी पत्र्यावर थाप मारली.


"अहो चाचा, खिडकी उघडा! बांग झाली, खजूर सगळे रुळांवर सांडताहेत. उशीर गाडीला झालाय, रोजा कशाला लांबवता?"