शर्वाणीची नवी चेन

चढावर चेन पुन्हा सटकली, तशी शर्वाणीने खाली उतरून सायकल तपासली. कालच तिने नवी चेन आणि मागची दातेरी चक्रं बसवली होती. आता त्यांच्या जागी दादाच्या सायकलची झिजलेली चेन अन् चक्रं होती. ती तणतणत सायकल ढकलत घरी आली.

"न विचारता बदललीस?" तिने दादाला विचारलं.

"उद्याची तुझी पहिलीच डोंगरी शर्यत," दादा म्हणाला. "तू कुठे जिंकणारेस? मला जिंकायचंय."

"राहू दे गं," आईने समजूत घातली.

शर्वाणीने पान्हे आणले. दादाच्या देखत त्याच्या सायकलवरून आपली चेन आणि चक्रं उतरवली.

"अगं, उद्या तो हरेल ना," आई कळवळली.

"हरू दे," शर्वाणी म्हणाली आणि आपली चेन चढवायला बसली.