दादाचं नाक

छायाचित्र हा इतिहासाचा निःपक्षपाती साक्षीदार असतो. फक्त त्याची उलटतपासणी आमच्या आत्याने घेऊ नये. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात एक जुना फोटो सापडला: अनोळखी बाई, मांडीवर बाळ. “नाक थेट दादाचं!” आत्याने निकाल दिला. आईने भिंतीवरच्या बाबांचं तोंड भिंतीकडे फिरवलं. फोटोमागच्या शिक्क्यावरून मी स्टुडिओ शोधून काढला. “ही माझी आई,” म्हातारा फोटोग्राफर म्हणाला. “लेकुरवाळ्या बायका कॅमेऱ्यापुढे घाबरून हलायच्या, फोटो बिघडायचा. म्हणून बाळ हीच धरायची.” शिक्क्याखालचं पुसट साल त्याने भिंगातून वाचलं. ते बाबांचं जन्मसाल होतं. बाळ म्हणजे बाबाच! घरी येऊन सांगितलं. “पण नाक बरोबर ओळखलं ना मी?” आत्या म्हणाली. आईने बाबांना पुन्हा सरळ केलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. “तरी म्हटलं! त्यांना एक संसार झेपत नव्हता.”